सत्त्याहत्तर नाना

नाना तुमच्याशी बोलतात तेव्हा तुमच्या डोळ्यांत बघत नाहीत, ओठांकडे बघतात. तेही मान तिरकी करून, डोळे बारीक करून. नवखी बाई असेल तर बावचळते, पदर सारखा करते. एखादी तोंडावर हात ठेवते. नानांचं आपलं बघणं चालूच. मग निकाल लागतो.

"तांबडा चारशे एक्क्याण्णव बराय. पिवळा कमी पडलाय. पांढरा घातलाय नको तेवढा, म्हणून खडू खाल्ल्यावानी दिसतंय. उन्हात चल जरा, परत बघतो."

अडुसष्ट वर्षांच्या माणसाने भर बाजारात बायकांच्या ओठांकडे असं बघावं म्हणजे एव्हाना चार वेळा चप्पल खायला हवी होती. ती त्यांनी खाल्ली नाही, याचं श्रेय माझं आहे. मोहोपाड्याच्या बाजारात माझं कटलरीचं दुकान आहे. आमच्याकडे कटलरी म्हणजे बांगड्या, टिकल्या, पिना, पावडरी आणि नेलपॉलिश. मागे नव्या बिल्डिंगीत राहायला आलेल्या एक मॅडम पाटी वाचून आत आल्या आणि सहा काटेचमचे मागायला लागल्या. मी म्हटलं, बाई, केसांत खोवायचे चिमटे देऊ शकते, जेवणाचं काही नाही. तर नानांकडे बघून कुणी भुवया चढवल्या, की मी काउंटरवरूनच सांगते, "ते कंपनीतले आहेत." बाईला वाटतं, लिपस्टिकच्या कंपनीतले. मी खुलासा करत नाही.

नाना कंपनीतलेच, पण रंगाच्या. रसायनीतल्या एका कारखान्यात चौतीस वर्षं ते शेड मॅचिंगला होते. गिऱ्हाइकाने पत्र्याचा तुकडा पाठवायचा आणि नानांनी डोळ्यांनी बघून सांगायचं, की ह्यात तांबडं किती, पिवळं किती, काळं किती. पुढे रंग ओळखायचं मशीन आलं. नाना म्हणतात, मशीन त्यांच्यापेक्षा हुशार होतं, फक्त त्याला एक वाक्य बोलायला अर्धा तास लागायचा. त्या खात्यात असेपर्यंत त्यांच्या घरात पांढरा कपडा म्हणून टिकला नाही. बनियनपासून उशीच्या अभ्र्यापर्यंत सगळ्याला एक गुलाबी झाक होती.

कारखाना सुटला, पण नंबर सुटले नाहीत. प्रत्येक रंगाला जगभर एक ठरलेला नंबर असतो आणि तो डब्यावर, ट्यूबवर छापतात, हे मला नानांमुळे कळलं. तांबडा सत्त्याहत्तर चारशे एक्क्याण्णव. पिवळा ब्याण्णव. काळा नव्व्याण्णव. पांढरा सत्त्याहत्तर आठशे एक्क्याण्णव. सगळ्यांची सुरुवात सत्त्याहत्तरने, म्हणून बाजाराने त्यांना सत्त्याहत्तर नाना करून टाकलं. ह्या नंबराला नाना आणि कंपनीतले सगळेच 'कोड' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा. ह्याच शब्दाने पुढे आमच्या गल्लीत आग लावली.

चार वर्षांपूर्वी नाना आणि काकू स्टाफ कॉलनी सोडून आमच्या गल्लीत राहायला आले. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना दुकानात हजर. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग, डोक्यावर टोपी, डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत दुमडलेली.

"ओठाला लावायचं, ऊन अडवणारं अन् रंग असलेलं, काय काय हाय?"

मी पाच ट्यूब काढून ठेवल्या. त्यांनी पाचही उलट्या केल्या. पुढची बाजू बघितलीच नाही. माझ्या उभ्या आयुष्यात ट्यूबची मागची बाजू वाचणारा माणूस मी पहिल्यांदा बघत होते. मी स्वतः वीस वर्षं विकते, पण मागे काही लिहिलेलं असतं हे मला एक्स्पायरीच्या तारखेपुरतंच ठाऊक.

"नावावर जाऊ नको शोभा, नंबरावर जा," ते म्हणाले. "नावं गिऱ्हाइकासाठी असतात. आता हे बघ, 'नॅचरल बेज'. बेज म्हंजे कुणाची कातडी? आपल्या अख्ख्या खालापूर तालुक्यात बेज माणूस दाखव मला."

मला दाखवता आला नाही.

तेव्हापासून रोज अकराच्या सुमाराला नाना येतात. नवा माल आला असेल तर तपासतात. ट्यूबमधला एक ठिपका डाव्या हाताच्या आतल्या बाजूला ओढतात, त्याच्याशेजारी दुसऱ्या कंपनीचा, मग तिसरीचा. आणि दुकानाच्या पायरीवर उन्हात हात पसरून बसतात. मनगटापासून कोपरापर्यंत पट्टे. येणारेजाणारे विचारतात, "नाना, भाजलं का?" नाना म्हणतात, "तपासतोय." ट्यूबलाइटच्या उजेडात ते कुठलाच निकाल देत नाहीत. त्यांचं ठरलेलं वाक्य आहे, "रंग आणि सोयरीक ट्यूबलाइटखाली ठरवू नये. उन्हात चल."

आणि घेत काही नाहीत. चार वर्षांत एक ट्यूब विकत घेतलेली नाही. "शेड जमत नाय," एवढं म्हणतात आणि हात पुसून घरी जातात.

बरं, स्वतः घेऊ नका, पण दुसऱ्याला तरी घेऊ द्या. ते नाही. एकदा कॉलेजातली एक मुलगी मधाचं पोळं छापलेली लिपबाम घेऊन पैसे काढत होती. नाना पायरीवरून उठले.

"पोरी, मागची यादी वाच बघू. ही यादी म्हंजे लग्नातली पंगत. ज्याचं माप जास्त तो पहिल्या पंगतीला. पहिला कोण?"

"कॅस्टर ऑइल."

"एरंडेल. पुढं?"

"वॅक्स."

"मेण. मध कितवा?"

मुलीने बोटाने मोजत मोजत भिंगाखाली मध शोधला. "सतरावा."

"शेजारी कोण बसलंय?"

"फ्रॅग्रन्स."

"म्हंजे वासाच्या मांडीला मांडी लावून बसलाय. बिचारा मांडवात पोचला तवा वाढपी हात धुऊन निघून गेले होते."

मुलगी हसत हसत निघून गेली. ट्यूब काउंटरवर. मी म्हटलं, "नाना, तुम्ही एक दिवस माझं दुकान बसवणार."

पण खरं सांगायचं तर दुकान बसलं नाही, चाललं. बायका दुपारच्या ऐवजी अकराला यायला लागल्या. शेतावर जाणाऱ्या, कंपनीत पॅकिंगला जाणाऱ्या, स्कूटीवरून महामार्गाचं ऊन खाणाऱ्या. त्यांच्यासमोर नाना दोन ट्यूब शेजारी शेजारी धरत आणि सांगत, "ह्या दोघी जावा हायत. खोकं वेगळं, घर एकच. आतले नंबर बघ, सगळे तेच." एकीला म्हणाले, "तुझ्या ओठावरचा तांबडा आणि माझ्या गेटला मारलेला तांबडा एकाच घराण्यातला. फक्त तुझा शिकलेला हाय, धुऊन गाळून आलाय." ती बाई महिनाभर गेटाकडे न बघता जात होती. आणि सगळ्यांना एक ताकीद, "ओठाला लावलेलं निम्मं पोटात जातं. डबा खाल्ला की परत लावायचं. नायतर सनक्रीम पोटात अन् ऊन ओठावर."

मला हा सगळा म्हातारपणीचा नाद वाटायचा. कुणी पोथी वाचतं, नाना ट्यूब वाचतात, असं मी सगळ्यांना सांगायचे.

काकूंविषयी मात्र मी काही चांगलं सांगत नव्हते. काकू घराबाहेर पडायच्याच नाहीत. कधी दार उघडलं तर पदर नाकापासून हनुवटीपर्यंत गच्च. हळदीकुंकवाला बोलावलं, आल्या नाहीत. गल्लीतल्या बारशाला, पूजेला, कशालाच नाहीत. नानांना विचारलं तर म्हणायचे, "ऊन सोसत नाय तिला." आता संध्याकाळी सातच्या हळदीकुंकवाला कुठलं ऊन? मी जिभेने फटकळ आहे, हे मी नाकारत नाही. मी त्यांचं नाव राणीसाहेब ठेवलं होतं. गल्लीत चाललंही ते नाव.

आता त्या दिवसाची गोष्ट.

आमच्या गल्लीत मंदा ब्लाउज शिवते. तिची मुलगी सोनल खालापूरला एका कंपनीत नोकरीला जाते. सोनलचं लग्न कुंभिवलीच्या मुलाशी ठरलं होतं. मुलगा चांगला, दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं, साखरपुडा झालेला. मुलाची आई यशोदाबाई लग्नाच्या खरेदीला आली होती आणि मंदा, सोनल, यशोदाबाई अशा तिघी माझ्या दुकानात बांगड्या बघत होत्या. यशोदाबाईंना मी स्टूल दिलं. त्या बांगड्यांकडे तोंड करून बसल्या. त्यांच्या पाठीमागे पायरीवर नाना.

सोनलने पर्समधून एक ट्यूब काढून नानांपुढे धरली. कुठूनतरी ऑनलाइन मागवलेली, तपकिरी रंगाची, ऊन अडवणारी. हळूच म्हणाली, "नाना, ही चालेल का बघा ना लग्नात."

नानांनी भिंग लावलं. ट्यूब फिरवली. मागे विकणाऱ्याने किमतीची चिकटपट्टी अशी लावली होती, की नंबरांची ओळ बरोबर तिच्याखाली गेली होती. आणि नाना, ज्यांचा आवाज चौतीस वर्षं मशीनच्या घरघरीत कमावलेला आहे, ते म्हणाले,

"हिला कोड हाय."

यशोदाबाईंच्या हातातली बांगडी थांबली.

"वरनं दिसत नाय," नाना पुढे म्हणाले, "पण हाय. मुद्दाम झाकून ठेवलंय. ज्यांनी गळ्यात मारली त्यांना ठाऊक असणार, म्हणून तर पट्टी लावलीय. ही घेऊन फसशील बग."

मी मराठी बाई आहे. 'कोड' म्हटल्यावर मलासुद्धा आधी काय आठवतं? कातडीवर येतात ते पांढरे डाग. चार वर्षं नानांच्या संगतीत राहून माझे कान बदलले होते, पण यशोदाबाईंचे कुठून बदलणार? त्या उठल्या. सोनलकडे डोक्यापासून पायापर्यंत एकदा बघितलं. पदर खोचला आणि म्हणाल्या, "आमी कळवतो."

लग्नाच्या बाबतीत 'कळवतो' म्हणजे काय, हे ज्याच्या घरात मुलगी आहे त्याला सांगावं लागत नाही. मंदाला वाटलं बांगड्यांचा रंग आवडला नाही. मला जे कळलं ते सांगायला मी काउंटरच्या बाहेर येईपर्यंत यशोदाबाई रिक्षात बसून गेल्या होत्या; मंदाला उगाच घाबरवायला नको म्हणून मी तेव्हा तिला काही बोलले नाही.

दोन दिवसांनी मध्यस्थाचा फोन आला. मुलीच्या अंगावर कोड आहे, तो लपवला, असं मुलाकडच्यांचं म्हणणं आहे आणि तेही तुमच्याच गल्लीतल्या जाणत्या माणसाने सांगितलं आहे. मंदा माझ्या दुकानात येऊन पायरीवर बसून रडली. सोनल रडली नाही. ती नानांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "नाना, तुम्ही मला नाही बोललात, ट्यूबला बोललात. मग ते त्यांना जाऊन सांगा."

नाना पांढरेफटक पडले. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. त्यांनी ट्यूब मागून घेतली, पट्टी नखाने काढली, भिंग गळ्यात घातलं आणि मला म्हणाले, "शोभा, चल माझ्याबरूबर. मी एकटा गेलो तर परत कायतरी बोलेन."

हे मात्र त्यांनी स्वतःला बरोबर ओळखलं होतं.

आम्ही मिनीडोर रिक्षाने कुंभिवलीला गेलो. यशोदाबाईंचं घर महामार्गाला लागून. पुढे कलिंगडं आणि काकड्यांचा स्टॉल, मागे घर. दिवसभर उन्हात उभी राहणारी बाई. आम्हाला बघून त्यांनी बसा म्हटलं, पण तोंडावर हसू नव्हतं. मी पाहिलं, नाना त्यांच्या गालांकडे बघतायत. मी त्यांच्या पायावर पाय दिला.

"बाई," नाना म्हणाले, "मी बोललो ते ह्या ट्यूबला बोललो. हे बगा." त्यांनी भिंग काढून त्यांच्या हातात दिलं. "सत्त्याहत्तर चारशे एक्क्याण्णव. ह्याला कंपनीत कोड बोलतात. रंगाचा नंबर. ह्याच्यावर किमतीची पट्टी होती, म्हणून मी बोललो, झाकून ठेवलंय."

यशोदाबाईंनी भिंगातून बघितलं. परत बघितलं. "हा कोड व्हय?"

"हा."

"नुस्ता नंबर?"

"नुस्ता नंबर."

त्या मटकन खाटेवर बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसले. "दोन दिस झोप नाय मला. पोराला बोलले, मोडू. पोरगा जेवला नाय तवापास्न. देवच पावला बाई. मला वाटलं, तो कोड. तसली पोरगी घरात आली असती तर काय केलं असतं आमी? ताटवाटी वेगळी ठेवायची का काय? अन् उद्याला नातवंडं…"

चहा आला. माझ्या जिवात जीव आला. काम फत्ते. आता फक्त चहा प्यायचा, दोन बिस्किटं खायची आणि उठायचं. मी बशी उचलली सुद्धा.

नानांनी कप खाली ठेवला.

"तसली म्हंजे कसली?"

मी परत पायावर पाय दिला. त्यांनी पाय बाजूला घेतला.

"माझ्या बायकोला हाय," नाना म्हणाले. "तो कोड. नंबर नाय, तोच. लग्नाला सहा वर्षं झाली होती तवा आला. ओठाला अन् हनुवटीला. लागत नाय तो, बाई. तीस वर्षं एका ताटात जेवतोय आमी. हा माझा हात बगा, हे माझं तोंड बगा. कुठं लागलाय दाखवा."

आणि त्यांनी डावा हात पुढे केला. त्या हातावर सकाळचे पट्टे तसेच होते. तपकिरी, विटकरी, गुलाबी, एकाखाली एक. मी त्या पट्ट्यांकडे बघत राहिले. चार वर्षं तो हात माझ्या पायरीवर उन्हात पसरलेला होता आणि एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही, की हा माणूस शेड कुणासाठी शोधतोय. राणीसाहेब. मी उचललेली बशी परत खाली ठेवली.

बाहेर एक ट्रक थांबला, ड्रायव्हरने कलिंगडाचा भाव विचारला, कुणी उठलं नाही, तो निघून गेला.

"मंदाच्या गल्लीत मी दोनदा आले," यशोदाबाई शेवटी म्हणाल्या. "तुमच्या बाईंना कदी बगितलं नाय."

"घरात असते."

"का?"

"ऊन लागलं की भाजतं तिला तिथं. अन्… एकदा शेड जमली, की मग नेईन सगळीकडं. जमत नाय अजून."

"लागत नाय बोलता, अन् दाराबाहेर काडत नाय." यशोदाबाई भांडायच्या सुरात बोलत नव्हत्या. ट्यूब अजून त्यांच्या हातात होती, पट्टी निघालेली जागा त्या अंगठ्याने चोळत होत्या. "मग पट्टी तर तुमीच लावलीत की, नाना."

नाना आपल्या हातावरच्या पट्ट्यांकडे बघायला लागले.

"सोनलचं लग्न ठरल्या तारखेलाच हाय," त्या म्हणाल्या. "मी चुकले, मी जाऊन मंदाच्या पाया पडेन. पण तुमी त्यांना घेऊन या. दिवसाचं लग्न हाय. माझ्या शेजारी बसू दे त्यांना. तुमी नाय आणलंत तर मी समजेन, की लागत नाय हे तुमचं तुमालाच खरं वाटत नाय."

आम्ही उठलो. दारापर्यंत जाऊन नाना वळले. मला वाटलं, आता माफी वगैरे मागतील.

"बाई, गालावर वांग हाय तुमच्या," ते म्हणाले. "पांढरी पावडर नका थापू त्याच्यावर. ऊन अडवणारी क्रीम घ्या, पण रंगवाली. तांबडा, पिवळा, काळा, तिन्ही नंबर असलेली. बिनरंगाची वांगाला पुरत नाय."

यशोदाबाईंचा हात गालाकडे गेला. "मला वाटलं दिसत नाय."

"दिसतंय," नाना म्हणाले.

येताना चौक फाट्याला मिनीडोरमधली निम्मी माणसं उतरली तेव्हा नाना म्हणाले, "कारखान्यात रंगाचा मूळ नमुना असतो ना, तो आमी काळ्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवायचो. उजेडात उडू नये म्हणून. तसंच केलं का गं मी हिचं?"

मी म्हणायला हवं होतं, नाही हो नाना, तुम्ही काळजीपोटी केलं. पण माझ्या मनात माझंच पाप होतं. मी म्हटलं, "नाना, मी काकूंना राणीसाहेब म्हणायचे. सगळ्यांपुढे."

"ठाऊक हाय तिला," नाना म्हणाले. "तिला आवडलं होतं ते नाव."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर लग्नापर्यंतचे बारा दिवस नानांनी माझ्या दुकानात जो धुमाकूळ घातला, तो सांगण्यासारखा नाही, पण सांगते. त्यांना वाटलं, काकूंना न्यायचं तर आता बारा दिवसांत शेड जमवलीच पाहिजे. स्टीलची वाटी आणि काडी घेऊन बसले. चार ट्यूब, आयुष्यात पहिल्यांदा, विकत घेतल्या. ह्यातलं थोडं, त्यातलं थोडं, घोटायचं, हातावर ओढायचं, उन्हात जायचं, मान हलवायची. एकदा सगळं मिळून हुबेहूब त्यांच्या गेटाचा रंग झाला. मी म्हटलं, "नाना, तुम्हीच म्हणता नमुन्याशिवाय शेड जमत नाही. तुमच्याकडे नमुना काय आहे?"

त्यांनी कपाळावर बोट ठेवलं. "लग्नातला. कर्जतच्या बाजूला तिच्या गावाला, मांडवात, पहिल्यांदा बगितलं तवाचा."

पस्तीस-छत्तीस वर्षांपूर्वीचे ओठ हा माणूस डोक्यात ठेवून ट्यूब वाचत होता. कुठल्या कंपनीने काढावा हो असा रंग? मी वाटी धुऊन आणली, आणखी काय करणार.

लग्नाचा दिवस उजाडला. दुपारचा मुहूर्त, वैशाखातलं ऊन. मी नवी साडी नेसून दुकान बंद करायच्या बेतात होते. नाना काउंटरपाशी उभे, कडक इस्त्रीचा शर्ट, पण डावी बाही दुमडलेलीच आणि हातावर पट्टे. "नाय जमली शोभा," म्हणाले. "ती साडी नेसून बसलीय घरात. काय सांगू तिला?"

एवढ्यात पायरीवर कुणीतरी चढलं. हिरवी साडी, गळ्यात मोत्याची माळ, हातात छत्री. मी ओळखलंच नाही. पदर तोंडावर नव्हता, म्हणून ओळखलं नाही. खालचा ओठ अर्धा पांढरा, हनुवटीवर डाग, आणि चेहरा असा मोकळा की मी आधी डोळेच बघितले.

"शोभा ना गं तू?" काकू म्हणाल्या. "ऊन अडवणारं दे एक ओठाचं. बिनरंगाचं. लवकर दे, मुहूर्त चुकल."

"अगं, शेड…" नाना म्हणाले.

"मला कुठली पण चालते. शेड तुमालाच लागते." मग माझ्याकडे वळून, "हे असे. उन्हात पाय भाजतो म्हणलं तर चपला आणल्या, डोकं तापतं म्हणलं तर छत्री आणली. काय मागितलं अन् दिलं नाय असं नाय. पण मला लग्नाला जायचं होतं गं. दिवसाच्या लग्नाला, चार बायकांत बसायचं होतं. माझे कोड पुरवायचे सोडून माझा कोड झाकत बसलेत हे इतकी वर्षं."

मी ट्यूब दिली. काकूंनी काउंटरवरच्या आरशात बघून, सगळ्या बाजाराला दिसेल असं, सावकाश ओठांना लावलं, हनुवटीला लावलं.

"अजून एक हात दे," नाना म्हणाले. घोगऱ्या आवाजात. "निम्मं पोटात जातं."

काकूंनी आणखी एक हात दिला. माळ सारखी केली आणि त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या. "बगा आता. सांगा काय तो नंबर."

मी वाट बघत होते. मान तिरकी होईल, डोळे बारीक होतील. झाले नाहीत. नाना बायकोच्या डोळ्यांत बघत होते आणि त्यांचेच डोळे भरून आले होते. त्यांनी दुमडलेली बाही मनगटापर्यंत खाली ओढली, बटण लावलं आणि तिच्या हातातली छत्री आपल्या हातात घेतली.

"ट्यूबलाइटखाली काय कळतंय," ते म्हणाले. "उन्हात चल."